अस्तरामागचा टाका

समोरच्यांच्या मालाचं पोट फाडायचं आणि आत काय आहे ते बघायचं, हे ताईचं काम. कारखाना बॅगांचा होता. चाकांच्या, खांद्यावरच्या, हातात धरायच्या, सगळ्या प्रवासी बॅगा. जुन्या इमारतीत मागच्या बाजूला एक खोली होती, तिला सगळे उसवणी खोली म्हणत, आणि ताईला तिच्या माघारी उसवणीबाई. खोलीत एक लांबलचक टेबल, वर पांढरा दिवा, दोन-तीन कात्र्या, एक बारीक सुरी आणि वजनकाटा. बाजारात समोरच्यांची नवी बॅग आली रे आली, की ती या टेबलावर आडवी पडलीच म्हणून समजा. मग ताई तिची शिवण न् शिवण मोकळी करी. चेन किती बारीक, अस्तर किती पातळ, पुठ्ठा कुठे वाचवलाय, शिलाईऐवजी गोंद कुठे थापलाय, सगळं बघायचं आणि वर जाऊन साहेबांना सांगायचं. साहेब म्हणजे तिचाच मुलगा, कंपनी आता तो चालवत होता.

बॅगा आणायचं काम गुदामातल्या एका म्हाताऱ्याकडे होतं. त्याचं नाव गुप्तहेर पडलं होतं. बिचारा दर वेळी वेगळ्या दुकानात जाई, काळा चष्मा लावी, लेकीच्या लग्नासाठी बॅग हवी असं सांगे. त्याला मुलगीच नव्हती. दुकानदार त्याला बघताच म्हणत, "या या, कारखान्याचं बिल वेगळं करायचं ना?" आणि हा परत येऊन ताईला शपथेवर सांगे, की कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

आता समोरचे म्हणजे कोण, हे कारखान्यात कुणी मोठ्याने बोलत नसे. समोरचे म्हणजे दादा. ताईचा सख्खा थोरला भाऊ.

बाबांचं लहानसं बॅगांचं दुकान होतं तेव्हा ही दोन पोरं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसून शिवायला शिकली. हँडल जिथे बॅगेला जोडतात तिथे मशीनची शिलाई झाली की आतून, अस्तर लावायच्या आधी, दाभणाने एक जाड टाका हाताने घालायचा, ही बाबांची पद्धत. गिऱ्हाइकाला तो जन्मात दिसायचा नाही. दादा एकदा म्हणाला होता, "दिसत नाही तर घालायचा कशाला?" बाबा म्हणाले, "ओझं काय डोळ्यांनी उचलतात होय रे?" दादा उजव्या हाताने शिवी, त्याचा टाका उजवीकडे कललेला. ताई डावखुरी, तिचा डावीकडे. बाबा अस्तर उलटून नुसती नजर टाकत आणि सांगत, ही ठमीची, ही दादाची. घरात ताईला ठमी म्हणत. आता तसं म्हणणारं जवळ कुणी उरलं नव्हतं.

पुढे दादा मोठा झाला आणि त्याच्या डोक्यात धंदा शिरला. त्याचं म्हणणं, लोकांना जन्मभर टिकणारी बॅग नकोय, परवडणारी हवीय आणि शेजाऱ्याने वळून बघावी अशी हवीय. अस्तर पातळ करा, वाचेल ते बाहेरच्या चकाकीला आणि जाहिरातीला लावा. बाबांचं म्हणणं, बॅग वाहायला असते, मिरवायला नाही. दोघेही हट्टी, कुणी नाकावर माशी बसू देईना. वस्तू चांगली, भाव कमी आणि ऐट मोठी, यातल्या दोन गोष्टी एका वेळी जमतात. तिन्ही जमलेला माणूस मी तरी अजून बघितला नाही. पण हे त्या दोघांना कोण सांगणार? शेवटी एके सकाळी, ताईचा मुलगा जेमतेम चालायला लागला असेल तेव्हा, दादाने एक शिलाई मशीन उचललं आणि तो दुसऱ्या शहरात निघून गेला. बाबांनी एक घाव दोन तुकडे केले आणि त्याचं नाव घरात काढायचं नाही असं सांगून टाकलं. दुकान ताईने वाढवलं, त्याचा कारखाना झाला, आणि शिवणारे हँडलचा टाका तिच्याकडूनच शिकले. बाबा गेले तेव्हा तो आला होता, कोपऱ्यात उभा राहिला आणि कुणाशी न बोलता परत गेला. ताईने त्याला थांब म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात कुणीतरी मध्ये आलं. ते राहिलं ते राहिलंच.

एक फोन करायला काय जात होतं, असं तुम्ही म्हणाल. अहो, काहीच जात नव्हतं! म्हणून तर तो झाला नाही. अबोला एकदा मुरला की पहिला शब्द कुणी बोलायचा यावरच घोडं अडतं, आणि माणसं म्हातारी होतात.

पण ताईजवळ एक गुपित होतं. दादाची पहिली बॅग जेव्हा तिच्या टेबलावर आली, तेव्हा तिने तोंड वाकडं करतच ती उसवली. रेक्झीन पातळ, चाकं नुसती शोभेची. आणि हँडलखाली अस्तर उलटलं तर आत बाबांचा टाका. उजवीकडे कललेला. ताई तिथेच खुर्चीत बसली. बाबांशी भांडून गेला, त्यांची प्रत्येक गोष्ट मोडीत काढली, आणि ही एवढी ठेवलीन!

त्यानंतर प्रत्येक बॅगेत तो टाका असे. दादाची कंपनी वाढली, जाहिराती रस्तोरस्ती लागल्या. त्यातला तो देखणा पोरगा बॅग उचलून असा काही चाले, की ती रिकामी आहे हे कुणालाही कळावं. तरी बॅगा धडाधड खपत. आणि एका वर्षी काय झालं, टाक्याने दिशा बदलली. उजवीकडे कलणारा टाका डावीकडे कलला. थेट ठमीसारखा.

ताईने दाराला आतून कडी घातली आणि पोटभर रडून घेतलं. याचा अर्थ आणखी काय असणार? दादाला माहीत होतं की त्याच्या बॅगा कोण उसवतं. त्याने मुद्दाम तिच्या हाताचा टाका घालायला लावला होता. ठमे, मी विसरलो नाही, असंच तो सांगत होता, दुसरं काय? तेव्हापासून नवी बॅग आली की ताई हँडल सगळ्यात शेवटी उसवी. आधी चेन, चाकं, खिसे, सगळं आटपायचं, हात धुवून यायचं, आणि मग सावकाश अस्तर उलटायचं. टाका दिसला की ती मनात म्हणे, आहे. बरा आहे. मग वर जाऊन मुलाला सांगे, "हँडल ठीक आहे त्यांचं. विशेष काही नाही."

या मोसमात समोरच्यांनी नवी बॅग काढली ती गाजावाजा करून. किंमत अशी पाडली, की ताईच्या मुलाची झोपच उडाली. गुप्तहेर तीन रंगांच्या तीन बॅगा घेऊन आला. ताईने निळी घेतली. चेन, चाकं, खिसे, सगळं नेहमीसारखं बघून झालं. हात धुवून आली. अस्तर उलटलं.

टाका नव्हता.

मशीनची नागमोडी शिलाई होती, तीही दाट नव्हती. ताईने दुसऱ्या बाजूचं हँडल बघितलं, तिथेही नाही. लाल बॅग घेतली, काळी घेतली. घाईघाईत सुरी लागून अंगठा कापला, तरी बघत राहिली. कुठेच नाही.

"काय हो," तिने गुप्तहेराला विचारलं, "बाजारात काही ऐकलंत का? त्यांच्या मोठ्या साहेबांबद्दल?"

"मोठे साहेब हल्ली कुठे दिसत नाहीत म्हणे," तो म्हणाला. "नव्या बॅगेच्या समारंभालासुद्धा नव्हते. तब्येतीचं काहीतरी... दुकानदार सांगत होता. आता खरंखोटं त्यालाच ठाऊक."

तेवढ्यात मुलगा खाली आला. उसवलेली हँडलं बघून त्याचा चेहरा फुलला. "आई, हे धरलंस बघ! कसली तकलादू शिलाई! आपण जाहिरात करू. दोन्ही बॅगा शेजारी ठेवायच्या, भरपूर ओझं भरायचं, आणि हँडल ओढून दाखवायचं. त्यांचं निघेल, आपलं राहील. भाव आपण आधीच पाडलाय, आता नाव पण त्यांचं खाली येईल."

"थांब जरा," ताई म्हणाली.

"थांबायचं कशाला? लोखंड तापलंय."

"मी म्हणते ना, थांब. मी आल्याशिवाय काही करायचं नाही."

"आल्याशिवाय? कुठे निघालीस?"

ताईने सांगितलं नाही. अंगठ्याला फडकं गुंडाळलं, पर्स उचलली आणि दुपारची बस पकडली. संध्याकाळपर्यंतचा रस्ता. सगळ्या वाटेत दादाच डोक्यात. तो गेला असेल आणि कुणी कळवलंही नसेल, अंथरुणाला खिळला असेल, बोलता येत नसेल, असे नाही नाही ते विचार. आणि मध्येच साध्या गोष्टी आठवत. दाभण बोटात घुसलं की दादा ओरडायचा नाही, गाणं म्हणायचा. बेसूर. तो आवाज तिला आत्ता, या क्षणी, हवा होता. बाकी कंपनी, किमती, जाहिराती, सगळं गेलं खड्ड्यात!

दादाची कचेरी चकचकीत. काचेच्या कपाटांत बॅगा उभ्या, प्रत्येकीवर वेगळा दिवा. सामसूम व्हायच्या बेताला होती. समोरच्या टेबलाशी बसलेल्या मुलीने विचारलं, "कुठल्या कंपनीकडून आलात?"

ताई अडखळली. खरं सांगितलं असतं तर दारातूनच बोळवण झाली असती. "कंपनीकडून नाही हो. घरून आलेय. मोठे साहेब... आहेत ना?"

आहेत ना, एवढं विचारून ती त्या मुलीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आहेत. नाव काय सांगू?"

आहेत! "ठमी आलीय म्हणून सांगा," ती म्हणाली.

"ठमी?"

"हो, हो. ठमी."

मुलीने हसू दाबत फोन लावला. "सर, एक बाई आल्यात, ठमी नावाच्या..." आणि तेवढ्यात पलीकडून फोन ठेवला गेला. आतलं दार उघडलं. दादा दारात येऊन उभा राहिला. केस पांढरे, अंगाने सुटलेला, डोळ्यांवर जाड चष्मा. तो नुसता बघत राहिला.

"तू आहेस," तो म्हणाला.

हे तर मी म्हणायचं, असं ताईला वाटलं. दादाने तिचा हात धरून तिला आत नेलं. फडकं गुंडाळलेला अंगठा बघितला आणि म्हणाला, "अजून कापून घेतेस का? धांदरट ती धांदरटच!" मग दोघंही हसले, आणि हसताहसता ताईचे डोळे भरून आले. तिने ते पुसलेही नाहीत.

"मला कुणी सांगितलं की तुझी तब्येत..."

"गुडघे गेलेत. जिना उतरवत नाही म्हणून कुठे जात नाही. एवढंच." दादा तिच्याकडे बघतच होता. "बरं, एक सांग. तुमच्याकडे तो किमती पाडणारा कोण आणलाय? माझ्या लोकांच्या नाकी नऊ आणलेत त्याने. मोठा वस्ताद असणार."

"तुझा भाचा," ताई म्हणाली.

दादाने चष्मा काढला. "खांद्यावर बसून माझे केस ओढायचा, तो?"

"तोच. तुझ्यावरच गेलाय. बाबांचं काही म्हणून नाही त्याच्यात."

दादाला हसावं की काय करावं कळेना. तो चष्मा पुसत राहिला. तेव्हा ताईचं लक्ष त्याच्या टेबलाकडे गेलं. तिथे एक बॅग पडली होती, अस्तर उसवलेली, आणि ती तिच्या कंपनीची होती.

"ही आमची," ती म्हणाली.

"तुमचीच. तुम्ही आमच्या उसवता, आम्ही तुमच्या. त्यात काय एवढं?"

ताईने मग सरळच विचारलं. "दादा, टाका कुठे गेला? तुझ्या नव्या बॅगेत टाका नाही. तो नाही म्हणून मी इथवर धावत आले."

"हेच मी तुला विचारणार होतो," दादा म्हणाला, आणि त्याने ती बॅग तिच्यापुढे सरकवली.

हँडलखाली मशीनची नागमोडी शिलाई होती. बाकी काही नव्हतं.

ताई बघतच राहिली. आयुष्यभर तिने समोरच्यांच्या बॅगा उसवल्या, पण आपली स्वतःची एक बॅग काही कधी उसवली नाही. कशाला उसवायची? आपल्या बॅगेत काय आहे ते आपल्याला ठाऊकच असतं! नवा कारखाना गावाबाहेर गेला, शिवणारे हात तिकडे गेले, ती जुन्या इमारतीत दादाच्या बॅगा उलगडत बसली. मुलगा एकदा म्हणाला होता, आई, हँडलचं नवीन मशीन घेतोय, समोरच्यांच्या भावाला टिकायचं तर हातकाम परवडत नाही. तिने मान डोलावली होती. तेव्हा टेबलावर दादाची बॅग होती आणि हँडल उसवायचं बाकी होतं.

"गेल्या थंडीपासून तुमच्यात नाही," दादा म्हणाला. "मग आमची पोरं म्हणाली, ज्यांचा टाका त्यांनीच काढला, आता आपण तरी तो खर्च का करायचा? मी कुठल्या तोंडाने ठेवा म्हणू?"

"ज्यांचा टाका म्हणजे? तुझा पण तोच होता की. आणि नंतर तर तू मुद्दाम माझ्यासारखा..."

दादाने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग हळूच म्हणाला, "ठमे, मी हातात दाभण धरून किती वर्षं झाली, काही कल्पना आहे का? सुरुवातीला मी शिवायचो. पुढे काम वाढलं, नमुना बनवायला माणसं ठेवली. त्यांनी तुमची बॅग फोडली आणि हँडल जसंच्या तसं उतरवलं. कलसुद्धा. मी बघितलं तेव्हा म्हटलं, राहू दे तसंच."

म्हणजे इतकी वर्षं ती ज्याला दादाचा निरोप समजत होती, तो तिचाच टाका होता. तिच्या बॅगेतून उचललेला. दाराला कडी घालून ती रडली होती ते त्याच्यापायी. ताईला लाज वाटली, राग आला, आणि सगळ्यात जास्त काय वाटलं तर पोरकं वाटलं.

"पण तुमची नवी बॅग आली की मी मागवून घ्यायचो हं," दादा म्हणाला. "स्वतः अस्तर उलटायचो. टाका दिसला की बरं वाटायचं. ठमी आहे, बसलीय टेबलाशी. आणि गेल्या थंडीत बघतो तर नाही. दुकानदाराकडे खडा टाकून बघितला, तर तो म्हणाला, ताई हल्ली दिसत नाहीत. मग म्हटलं, संपलं."

"संपलं म्हणजे?"

दादाने टेबलावरच्या बॅगेचं उसवलेलं अस्तर परत आत सारलं.

"मी मेले असं वाटलं तुला?" ताईचा आवाज चढला. "थंडीपासून? आणि तू आला नाहीस? मला आज दुपारी एक टाका दिसला नाही, तर मी तशीच उठून बस गाठली. घरी सांगितलं पण नाही. आणि तू इथे बसून राहिलास!"

"हिंमत झाली नाही गं. आलो असतो, आणि दारातच कुणी सांगितलं असतं की... त्यापेक्षा इथे बसून निदान खात्री तरी नव्हती."

"ठीक आहे. मी नाही असं वाटलं म्हणून आला नाहीस. मानलं. पण त्याच्या आधी? दर मोसमात अस्तर उलटून बघत होतास की मी आहे. चांगली धडधाकट आहे. तेव्हा का नाही आलास?"

"टाका दिसायचा ना," दादा म्हणाला. "वाटायचं, आहे की ती. जाऊ कधीतरी."

ताई आणखी बोलणार होती. चांगलं खडसावून काढणार होती. पण तिच्या लक्षात आलं, की हँडल उसवून झाल्यावर हात पुसताना ती स्वतःही दर वेळी अगदी हेच म्हणायची. आहे की तो. जाऊ कधीतरी. तिलाही बस नेहमी होतीच, आणि ती दुपारचीच होती.

तिला तो टेबलापलीकडचा दादा हवा होता, बोटात दाभण घुसल्यावर बेसूर गाणारा. समोर एक म्हातारा माणूस बसला होता. त्याला चष्मा कधी लागला, गुडघे कधी गेले, केस कधी पिकले, यातलं काहीसुद्धा तिला माहीत नव्हतं. तिने खुर्ची ओढून त्याच्या अगदी जवळ घेतली आणि विचारलं, "सांग, आधी काय झालं? डोळे की गुडघे?"

"डोळे," दादा म्हणाला, आणि सांगायला लागला.